एक जूनचे वाढदिवस

महाराष्ट्रात सत्तरी ओलांडलेल्या माणसांचे पासपोर्ट एका टेबलावर मांडले, तर त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म एक जूनचा निघेल. कारण साधं आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, आई पोराला घेऊन गुरुजींसमोर उभी राहायची. जन्म कधीचा, असं विचारलं की ‘मोठा पूर आला त्या साली, गौरी-गणपतीच्या आधी’ असं उत्तर यायचं. गुरुजी बोटांवर हिशेब करायचे आणि पोराचं वय प्रवेशात बसेल अशी एक जूनची तारीख रजिस्टरात घालायचे. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली. तिथून ती नोकरीच्या सेवापुस्तकात, रेशन कार्डावर, आधारवर आणि पासपोर्टवर चढली. साठ-सत्तर वर्षांत तिने कुणाचं काही अडवलं नाही. अडचण सुरू होते ती न्यू जर्सीतला मुलगा किंवा टोरोंटोतली मुलगी फोनवर म्हणते तेव्हा, ‘आई, आता तिकडे एकटी राहू नकोस. इकडेच ये कायमची.’

हे वाक्य बोलायला सोपं आहे आणि बहुतेक वेळा ते काळजीपोटी बोललं जातं. वडील गेलेले असतात, किंवा आई न्हाणीघरात घसरून पडलेली असते, किंवा सोबत म्हणून ठेवलेली बाई न सांगता काम सोडून गेलेली असते. पण ‘ये’ म्हणणं आणि येता येणं यांच्यात दोन देशांचे कायदे, कपाटातली कागदपत्रं, बँकेची खाती, आरोग्याचा विमा आणि एका वृद्ध माणसाचा सगळा दिनक्रम असतो. यातल्या एकेका गोष्टीकडे वेळेवर लक्ष दिलं, तर आई-वडिलांचे हाल वाचतात. तिकीट काढून झाल्यावर विचार सुरू केला, तर उशीर झालेला असतो.

आधी दार कुठलं उघडं आहे ते पाहायचं. अमेरिकेचं दार कागदावर तरी सगळ्यांत रुंद आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी ज्या स्थलांतर कायद्यावर सही केली, त्याने प्रौढ अमेरिकी नागरिकाच्या आई-वडिलांना ‘अगदी जवळचे नातलग’ या वर्गात बसवलं. या वर्गाला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांची रांगही नाही. मुलगा किंवा मुलगी नागरिक असावी आणि तिचं वय २१ पूर्ण असावं, एवढीच अट. आईसाठी वेगळा आणि वडिलांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. या अर्जाचं नाव आय-१३०. आईच्या अर्जात वडिलांचं नाव जोडून भागत नाही, आणि आई-वडिलांबरोबर घरात राहणारा अविवाहित धाकटा भाऊही त्या अर्जावर येऊ शकत नाही. ज्यांच्या घरी असा भाऊ किंवा आजारी बहीण आहे, त्यांनी हे पहिल्या दिवशीच समजून घ्यायला हवं.

मात्र अट नागरिकत्वाची आहे, ग्रीन कार्डाची नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी इंजिनियरांची सगळी कोंडी या एका शब्दात आहे. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त येत नाहीत, मग तो देश भारत असो वा आइसलँड. म्हणून २०२५ मध्ये उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या गटात भारतातून अर्ज केलेल्यांपैकी २०१३ सालच्या माणसांची पाळी चालू होती. गणित मांडून पाहावं. २०१३ मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला २०२५ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. नागरिकत्वासाठी आणखी पाच वर्षं, म्हणजे २०३०. मग आईचा अर्ज, त्याची छाननी, मुलाखत, म्हणजे २०३१ किंवा ३२. मुलगा रांगेत लागला तेव्हा साठीची असलेली, शाळेतून नुकती निवृत्त झालेली, दोन्ही गुडघे धड असलेली आई तोवर ७८ वर्षांची झालेली असते. मधल्या सगळ्या काळात तिला पाहुणी म्हणूनच जावं लागतं. दहा वर्षांचा व्हिसा हाती असला तरी एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येतं.

इतर देशांची दारं आणखी अरुंद आहेत. ब्रिटनने ९ जुलै २०१२ पासून नियम इतके कडक केले की ते वाचूनच माणूस खचतो. आई-वडिलांना रोजच्या साध्या कामांसाठी दुसऱ्याची दीर्घकाळ मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत मायदेशात मिळतच नाही किंवा परवडत नाही, हेही सिद्ध करावं लागतं. लंडनमध्ये चांगला पगार असलेला मुलगा पुण्यात दिवसरात्र मदतनीस ठेवू शकतो. तेवढ्यावरच त्याचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात निम्मी तरी मुलं तिथे स्थायिक असावी लागतात. त्यानंतर दोन रस्ते. साध्या व्हिसाची प्रतीक्षा सुमारे ३० वर्षांची, म्हणजे सत्तरीच्या माणसासाठी तो रस्ता नाहीच. दुसऱ्या रस्त्याला प्रत्येक पालकामागे ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून जास्त शुल्क लागतं आणि तरी अनेक वर्षं थांबावं लागतं.

कॅनडाने आई-वडिलांच्या कायम निवासासाठी सोडत ठेवली आहे, आणि २०२५ पर्यंतची निमंत्रणं २०२० मध्ये नाव नोंदवलेल्यांतूनच काढली गेली. पण त्याच देशाने २०११ च्या डिसेंबरात एक समंजस वाटही काढली, ती म्हणजे सुपर व्हिसा. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षं सलग राहता येतं. मुलाचं उत्पन्न ठरावीक रेषेवर असावं लागतं, आणि आईचा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा, निदान एका वर्षाचा आरोग्य विमा काढलेला असावा लागतो. यात नागरिकत्व मिळत नाही आणि सरकारी दवाखान्याची सोयही मिळत नाही. तरी अनेक कुटुंबांना ही वाट जास्त मानवते, कारण आईला मूळ घर मोडावं लागत नाही.

दार ठरलं की कपाट उघडायचं.

मराठी लग्नात एक हळवा क्षण असतो. ताम्हणात तांदूळ पसरतात, नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यांत नवरीचं नवं नाव लिहितो, आणि माहेरची सुशीला सासरची विजया होते. नाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनावही बदललं. तांदूळ नंतर कुणीतरी गोळा करून ठेवले आणि त्या नावाचा कागद मात्र कुणीच केला नाही. पन्नास वर्षांनी परदेशातला अधिकारी विचारतो, की शाळेच्या दाखल्यावरची सुशीला आणि पासपोर्टवरची विजया एकच बाई कशावरून? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि साठच्या-सत्तरच्या दशकांत झालेल्या असंख्य लग्नांची नोंदणीच झालेली नाही. महाराष्ट्रात उशिरा का होईना ती करता येते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन निबंधकाकडे जायचं. पण १९६८ च्या लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आज शोधायचे म्हणजे आत्याबाईंच्या नणंदेपासून फोन लावत सुटावं लागतं. वडील हयात असतानाच हे काम उरकणं किती सोपं असतं, ते ते गेल्यावर कळतं.

अर्जाचा मुख्य पुरावा मात्र आईच्या जन्माचा नसतो, मुलाच्या जन्माचा असतो, आणि हे कळल्यावर बहुतेकांना धक्का बसतो. ‘ही माझी आई’ हे सिद्ध करायला मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हवं. वडिलांच्या अर्जाला त्याशिवाय आई-वडिलांच्या लग्नाचा पुरावाही हवा. मुलगा आपला दाखला काढायला जातो आणि नगरपालिकेच्या जुन्या नोंदीत स्वतःचं नावच सापडत नाही. रकान्यात नुसतं ‘मुलगा’ लिहिलेलं असतं, कारण नोंद बारशाआधी झाली होती. आईच्या नावाच्या जागी माहेरचं नाव असतं, किंवा हाक मारायचं नाव, किंवा एखादी वेलांटी इकडची तिकडे. ही दुरुस्ती भारतातच, त्याच कार्यालयात होते आणि तिला काही महिने लागू शकतात. परदेशी अर्ज पाठवण्याच्या निदान एक वर्ष आधी मुलाने सुट्टीत येऊन हा एक दाखला हातात घेऊन नीट वाचावा. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी.

आईचा स्वतःचा जन्मदाखलाही पुढच्या टप्प्यावर लागतोच. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, आणि तो १९७० पासून लागू होऊ लागला. त्याआधी नोंदी होत होत्या, पण शहराप्रमाणे, संस्थानाप्रमाणे, गावाप्रमाणे वेगवेगळ्या. खेड्यात कोतवाल जन्ममृत्यूची वही ठेवायचा. महसुली भाषेत तिला गाव नमुना १४ म्हणतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अजूनही अशा वह्या सापडतात. जुन्या नोंदी काही ठिकाणी मोडीत असतात, मग मोडी वाचणारा गाठावा लागतो. एवढं करून हाती येतं ते असं, की अमक्या तिथीला अमक्यास मुलगी झाली. मुलीचं नाव नाही. आणि ती तिथी एक जूनच्या जवळपासही नसते!

अशा वेळी घाबरून नवा ‘सोयीचा’ दाखला करून देणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये. बनावट कागद सापडला तर आईचं दार कायमचं बंद होऊ शकतं. खरं सांगायला मोकळी वाट आहे. ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, आणि जन्माची माहिती असलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं करायची. आता पंच्याहत्तरीच्या बाईच्या जन्माची माहिती असणारं माणूस म्हणजे तिच्याहून वयाने मोठं, शुद्धीत असलेलं आणि नोटरीसमोर सही करू शकणारं. कुठल्यातरी गावात नव्वदीची एखादी मावशी असते. तिच्याकडे जायचं तर लवकर जावं.

कागद जमले की अमेरिकेच्या अर्जातलं बाकीचं तुलनेने सरळ असतं. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस दाखला, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, आणि मुलाचं आय-८६४ हे हमीपत्र. या हमीपत्रावर सही करताना मुलांनी थांबून वाचलेलं बरं. अमेरिकेने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवून मुलगा आईचा भार उचलण्याचं कायदेशीर वचन देत असतो. आई नागरिक होईपर्यंत, तिच्या नावावर सुमारे दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत, ती देश कायमचा सोडेपर्यंत किंवा तिचं निधन होईपर्यंत ते वचन टिकतं. मुलाची नोकरी गेली म्हणून ते सुटत नाही. घरात भांडण झालं म्हणूनही नाही.

वैद्यकीय तपासणीत एका गोष्टीची आधी कल्पना दिली नाही तर वयस्कर माणसं फार घाबरतात. छातीचा एक्स-रे काढतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी क्षय होऊन बरा झालेला असेल, किंवा नुसता संसर्ग होऊन गेलेला असेल, तरी फुप्फुसावर वण राहतो. तो दिसला की तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि ते वाढवून पाहायला आठ आठवडे जातात. आई रोगी आहे असा याचा अर्थ नसतो, आणि व्हिसा नाकारला असाही नसतो. मात्र तिकीट काढून, घर आवरून, निरोपाची जेवणं उरकून बसलेल्या माणसाला ते दोन महिने युगासारखे वाटतात. जुने एक्स-रे आणि उपचारांचे कागद असतील तर बरोबर न्यावेत. तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढावं.

मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत होते. प्रश्न साधे असतात. मुलगा काय करतो, कुठे राहतो, सून कोण, नातवंडं किती. मराठीत बोलता येतं. तिथे आईला इंग्रजी वाक्यं पाठ करायला लावणं हा निव्वळ जाच आहे.

पैशांचा भाग रुक्ष वाटतो, पण सगळ्यांत जास्त मनस्ताप इथेच होतो. आई कायमची परदेशी गेली की परकीय चलनाच्या कायद्यानुसार ती अनिवासी ठरते. तिचं साधं बचत खातं अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतो. शेती असेल तर ती विकण्याची सक्ती नाही. ज्या शेतीवर तिचं नाव आहे ती तिचीच राहते, फक्त नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. घर विकायचं असेल, तर ते जाण्याआधी की गेल्यानंतर, हे करसल्लागाराला विचारूनच ठरवावं. निवासी माणसाने पन्नास लाखांचं किंवा त्याहून महागडं घर विकलं तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. अनिवासी झालेल्या आईने तेच घर विकलं, तर नियम बदलतो, कपात कित्येक पटींनी वाढते, आणि अडकलेला पैसा विवरणपत्र भरून परत मिळवावा लागतो. शिवाय ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकी कर खात्याला दाखवावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची आणि मुदत ठेवींची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरांवर गेली, म्हणजे २०२५ च्या दराने आठ-नऊ लाख रुपयांवर, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. ती न दिल्यास दंड जबर असतो. निवृत्त शिक्षिकेच्या मुदत ठेवी सहज एवढ्या असतात, आणि तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आरोग्य विम्याचं गणितही उंबरठा ओलांडण्याआधी मांडावं. अमेरिकेत पोचलेल्या ६५ वर्षांवरच्या पालकाला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा लगेच मिळत नाही. पाच वर्षं सलग वास्तव्य झाल्यावर ते विकत घेता येतं. २०२५ मध्ये रुग्णालयाच्या भागासाठी महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर असा पूर्ण हप्ता होता, तोही एका माणसामागे. आधीच्या पाच वर्षांसाठी विमा बाजारातून पॉलिसी घ्यावी लागते, आणि पोचल्यापासून ६० दिवसांच्या आत ते काम उरकायचं असतं. मुलं त्या साठ दिवसांत आईला नायगारा दाखवायला नेतात. नायगारा कुठे जात नाही, मुदत मात्र निघून जाते.

आता आईच्या दिवसाकडे पाहू. सातारची किंवा डोंबिवलीची आई सकाळी दार उघडते तेव्हा दूधवाला येतो, पेपर पडतो, कामवाली येऊन शेजारच्या घरातल्या चार गोष्टी सांगते. भाजीवाल्याशी घासाघीस होते. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर मैत्रिणी भेटतात. कुणी कुणाला वेळ विचारून येत नाही. तीच आई न्यू जर्सीतल्या किंवा डॅलसच्या उपनगरात सकाळी साडेआठला मुलगा, सून आणि नातवंडं बाहेर पडली की एका मोठ्या, गालिचा घातलेल्या, अतिशय शांत घरात उरते. खिडकीतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. फोडणी दिली की धुराची सूचना देणारं यंत्र किंचाळतं, म्हणून ती फोडणी देणं कमी करते. भारतात तेव्हा संध्याकाळ उलटून जात असते. बहिणीला फोन करावा तर ती जेवणाच्या गडबडीत. दुपारी तीनला शाळेची पिवळी बस येईपर्यंत घड्याळ हलत नाही. मुलगा रात्री विचारतो, ‘बरं आहे ना सगळं?’ आणि ती म्हणते, ‘हो रे, मला काय धाड भरली आहे.’ हे उत्तर खरं मानून गप्प बसणाऱ्या मुलांनी एकदा सुट्टी घेऊन तिच्याबरोबर तो आख्खा दिवस घरात काढून पाहावा.

म्हणूनच कायमचं नेण्याआधी एक खेप पाहुणी म्हणून, आणि तीही जानेवारीत करून पाहणं शहाणपणाचं. बहुतेक आई-वडील मे ते सप्टेंबर या काळात जातात. बागा फुललेल्या असतात, गणपतीला मंडळाचा कार्यक्रम असतो, शनिवार-रविवार कुणाकडे ना कुणाकडे जेवण असतं. तेवढ्यावर त्यांनी ‘इथे राहायला हरकत नाही’ असं म्हटलं, तर तो निर्णय उन्हाळ्याचा असतो. शिकागोत पाचच्या सुमारास अंधार पडतो, पायऱ्यांवर बर्फ असतो आणि आठ-आठ दिवस घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा आईला कसं वाटतं ते आधी कळलेलं बरं. आणि ‘नाही जमणार’ असं ती म्हणाली, तर तिचं म्हणणं शेवटचं मानावं.

ज्या घरांत हे जमतं, तिथे आईला स्वतःचं असं काहीतरी मिळालेलं असतं. कुठे ते घराजवळचं ग्रंथालय असतं, जिथवर ती एकटी चालत जाते. कुठे बसचा पास. कुठे महाराष्ट्र मंडळातल्या ज्येष्ठांचा गट. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. आता त्यांच्या कार्यक्रमांत नाटक आणि लावणीइतकीच निवृत्तांच्या प्रश्नांची चर्चाही होते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये भारतीय आजोबांची एक मंडळी आठवड्यातले पाच दिवस बाजारपेठेतल्या कट्ट्यांवर जमायची. आपल्या गटाला त्यांनी ‘हंड्रेड इयर्स लिव्हिंग क्लब’ असं नाव दिलं होतं. २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे अनेकांना कळलं, की भरल्या घरात राहणारी ही माणसं किती एकटी होती आणि त्या कट्ट्यांनी त्यांना किती धीर दिला. घर निवडताना मुलं शाळेचा दर्जा पाहतात. आई येणार असेल तर असा एखादा कट्टा पायी जाण्याच्या अंतरावर आहे का, तेही पाहावं.

दवाखान्यात भाषेचं दडपण येतं. सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे दुभाषा फुकट द्यावा लागतो. ‘हिंदी चालेल’ म्हणून गप्प बसू नये. मराठी दुभाषा हवा असं सांगावं, तो फोनवर मिळू शकतो. मुलानेच भाषांतर करायचं ठरवलं, तर आई त्याच्यासमोर लघवीचा त्रास सांगत नाही आणि रात्री रडू येतं हेही सांगत नाही. विस्मरणाच्या आजारात तर अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी पुसट होत जाते आणि लहानपणची शाबूत राहते. चांगलं इंग्रजी बोलणारे वडीलही एक दिवस परिचारिकेशी कोल्हापुरी मराठीत बोलू लागतात.

परतीचा रस्ता मोडू नये. ग्रीन कार्ड राहण्यासाठी असतं, वर्षाकाठी एकदा चक्कर मारण्यासाठी नसतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न येतात. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर अमेरिकेतून निघण्याआधीच परतीच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. आणि आईला तिथे करमलंच नाही, तर ग्रीन कार्ड रीतसर परत करण्याचाही एक साधा अर्ज आहे. तो भरून पुन्हा पाहुण्यांच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. यात हरल्यासारखं काही नाही. म्हणून पहिली दोन वर्षं तरी गावातलं घर विकू नये. किल्ली शेजारच्या वहिनींकडे असावी, तुळशीला कुणीतरी पाणी घालावं, गॅसचं कार्ड चालू राहावं. माझं घर तिकडे उभं आहे, एवढं माहीत असलेली आई परक्या देशात जास्त निर्धास्त राहते.

शेवटचं बोलणंही जाण्याआधी झालेलं बरं. दोन्ही देशांतल्या मालमत्तेची इच्छापत्रं, शुद्ध हरपली तर उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा याचा कागद, आणि तिकडेच काही झालं तर काय करायचं, हेही. मुलं हा विषय अशुभ म्हणून टाळतात. बहुतेक आयांनी मात्र त्याचा विचार आधीच केलेला असतो. ‘तिकडेच काय ते करा, फक्त अस्थी रामकुंडात सोडा,’ असं एखादी भाजी निवडता निवडता सांगून टाकते आणि पुढची जुडी हातात घेते.

नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. परदेशातल्या भारतीय वकिलाती तो करून देतात, काही ठिकाणी त्यासाठी खास दिवसही ठेवतात. त्या दिवशी वकिलातीच्या दिवाणखान्यात एक वेगळीच सभा भरते. स्वेटरवर शाल, पायांत बर्फाचे बूट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदपत्रं. कुणी निवृत्त पोस्टमास्तर, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. ओळखी निघतात, गावं निघतात, बदल्यांची ठिकाणं निघतात. तासाभराच्या कामाला दुपार होते आणि गाडीत वाट पाहणारी मुलं दोनदा फोन करतात. खिडकीपलीकडचा कारकून पासपोर्ट उघडून जन्मतारीख मोठ्याने वाचतो, एक जून. रांगेतल्या मागच्या दोन बाया हसतात, कारण त्यांचीही तीच. मग पहिली त्यांच्याकडे वळून सांगते, की तिची खरी तिथी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची, आणि नातवाने यंदा दोन्ही दिवशी केक आणला होता.